एक रिमोट, तीन यंत्रे

गोंदियातील एखाद्या घरी दूरचित्रवाणी संच, सेट-टॉप बॉक्स आणि ध्वनिवर्धक असले, की रिमोटही तीन होतात. आणि आजोबांच्या हाती नेमका नको तोच येतो! मग तिन्हींसाठी एकच रिमोट आणावयाचे ठरते. तो कसा पारखावा?

रिमोटमधील दिवा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची उघडझाप करतो. प्रत्येक कंपनीचे संकेत निराळे. काही रिमोटांत ठरावीक कंपन्यांचेच संकेत भरलेले असतात. आपले यंत्र त्यांत नसले, तर ते ढिम्म राहते. त्यापेक्षा ‘शिकणारा’ रिमोट बरा. जुना रिमोट त्याच्यासमोर धरून एकेक कळ दाबली, की तो संकेत टिपून घेतो. मात्र गुरूच बिघडलेला असला, तर शिष्य शिकणार कोणाकडून? म्हणून आधी जुन्या रिमोटची कळ दाबून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहावे. रिमोट चालू असल्यास दिव्याची जांभळट चमक तेथे बहुधा दिसते.