चि. ऋतुजास, लॅपटॉप घेण्यापूर्वी

सावेडी, अहिल्यानगर

चि. ऋतुजा हिस,


संगमनेरला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला तुझा नंबर लागला, खूप आनंद झाला. काल दादाने तीन लॅपटॉपचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "यातला कुठला घेऊ?" तिन्ही गेमिंगचे. कीबोर्डखाली रंगीत दिवे, किंमत दादाच्या अंदाजाच्या वर, आणि दुकानदाराचं म्हणणं असं की पोरगी एआय शिकणार म्हणजे मोठं ग्राफिक्स कार्ड लागणारच. माझ्या मते यातला एकही घेऊ नये. दादाला फोनवर एवढं सांगून भागलं असतं. पण चार वर्षं ते मशिन तू वापरणार आहेस, तेव्हा निवडही तूच करावीस, म्हणून कारणांसकट लिहिते आहे.

आधी पैशांचं. दादाने सत्तर हजार बाजूला काढले आहेत. घोडेगावच्या मार्केटला कांदा कोणत्या भावाने जातो आणि त्यातून खत, मजुरी, भाडं वजा होऊन हातात काय राहतं, हे तू लहानपणापासून पाहते आहेस. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकारने २०२४-२५ पासून माफ केलं, म्हणून हे पैसे फीमध्ये न जाता शिल्लक राहिले. आपल्या जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती झाला, माणसांना आणि जनावरांना प्यायला किती लागेल, हे आधी काढतात आणि मग उरलेल्या पाण्यावर कोणतं पीक घ्यायचं ते ग्रामसभेत ठरतं. पोपटराव पवारांनी घडवलेल्या या गावाची ही शिस्त तू या सत्तर हजारांना लाव. त्यातले सात-आठ हजार आधीच बाजूला ठेव. चौथ्या वर्षापर्यंत बॅटरी बदलावी लागेल, कदाचित रॅम वाढवावी लागेल, कीबोर्ड किंवा स्क्रीनची बिजागरी कधीतरी दुरुस्तीला निघेल. उरलेल्या रकमेत बसेल तेच मशिन पाहायचं. हप्त्यांवर महागडं घेण्याच्या फंदात पडू नका. 'नो कॉस्ट' म्हणवणाऱ्या हप्त्यांतही प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी बऱ्याचदा लागतोच. शैक्षणिक कर्ज काढणारच असाल, तर अभ्यासाला लागणाऱ्या कॉम्प्युटरचा खर्च त्यात धरता येतो का, हे दादाला बँकेत विचारायला सांग.

आता, स्वतःचा लॅपटॉप हवा तरी कशाला? १९८३ साली सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यात लोणी, संगमनेर, कोपरगाव अशा साखर कारखान्यांच्या परिसरात इंजिनिअरिंग कॉलेजं उभी राहिली. उसाच्या पट्ट्यातली मुलं घराजवळ इंजिनिअर होऊ लागली. पुढे बरीच वर्षं त्यांना कॉम्प्युटर फक्त लॅबमध्ये भेटायचा. लॅब आजही आहेच. पण तिथे काही इन्स्टॉल करायचं तर पासवर्ड लॅब असिस्टंटकडे असतो, प्रॅक्टिकलची वेळ संपली की उठावं लागतं, आणि सिस्टिम बिघडली तर बोलणी बसतात. साहजिक आहे, ते मशिन सगळ्यांचं असतं. स्वतःचं मशिन हवं ते बिघडवण्याची मोकळीक मिळावी म्हणून. लिनस टॉरव्हाल्ड्सने १९९१ च्या जानेवारीत हेलसिंकीत शिकत असताना ३८६ प्रोसेसरचा कॉम्प्युटर घेतला. रॅम होती ४ एमबी. प्रोसेसर आतून कसा चालतो हे पाहण्यासाठी तो त्यावर लहानलहान प्रोग्रॅम लिहीत गेला आणि त्यातून त्याच वर्षी लिनक्स जन्माला आलं. मधे एकदा मोडेमला द्यायची आज्ञा हार्ड डिस्कला गेली आणि त्याची रोजच्या वापरातली मिनिक्स सिस्टिम खराब झाली. ती पुन्हा बसवण्याऐवजी त्याने स्वतःच्या अर्धवट सिस्टिमवरच काम करायचं ठरवलं. लॅबच्या मशिनवर हे घडलं असतं, तर त्याला आधी तक्रारवहीत सही करावी लागली असती.

म्हणून लॅपटॉप पाहताना पहिला प्रश्न विचार, की हा मला उघडता येईल का, यात काही घालता-काढता येईल का, आणि बिघडला तर जवळपास कोणी दुरुस्त करेल का. बाकीचं त्यानंतर.

रॅमवर सगळ्यात जास्त लक्ष दे. पहिल्या सेमिस्टरला सी किंवा पायथनचे प्रोग्रॅम लिहिताना ८ जीबी पुरेल. अडचण तिसऱ्या वर्षी सुरू होते. ब्राउझरमध्ये पंधरा टॅब, बाजूला व्हीएस कोड, मागे डेटाबेस सर्व्हर, आणि त्यात अँड्रॉइड स्टुडिओचा एम्युलेटर किंवा एखादं व्हर्च्युअल मशिन चालू केलं की ८ जीबी भरते. भरली की विंडोज मेमरीतला मजकूर एसएसडीवर नेऊन ठेवायला लागतं आणि मशिन घुटमळतं. माझ्या वर्गातली मुलं म्हणतात, "मॅडम, हँग होतोय, प्रोसेसर कमी पडतोय." टास्क मॅनेजर उघडून पाहिलं की बऱ्याच वेळा प्रोसेसर निवांत असतो आणि मेमरी गच्च भरलेली असते. तेव्हा १६ जीबी घे. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप उचलल्या आणि रॅमचे भाव भडकले, त्यामुळे आपल्या रकमेत १६ बसेलच असं नाही. तसं झालं तर ८ जीबीचं घे, पण एक स्लॉट रिकामा असलेलं. हे दुकानदाराच्या शब्दावर मानू नकोस. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बऱ्याचदा बोर्डावरच सोल्डर केलेली असते, ती पुढे वाढवता येत नाही, आणि डब्यावर तसं ठळक लिहिलेलं नसतं. दुकानात डेमोचं मशिन असेल तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, त्यात मेमरी उघड. तिथे 'स्लॉट्स यूज्ड' अशी ओळ दिसते. शिवाय घरी येऊन कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचा पूर्ण नंबर टाकून तपशील वाच. पूर्ण नंबर म्हणजे शेवटच्या अक्षरांसकट, कारण एकाच नावाखाली पाच-सहा वेगवेगळी मशिन विकली जातात.

एसएसडी एनव्हीएमई प्रकारची, ५१२ जीबी. विंडोजशेजारी लिनक्स बसवायचं म्हटलं की २५६ जीबीत दाटी होते.

प्रोसेसरच्या बाबतीत आकडा मोठा म्हणजे नवा, असं समजू नकोस. एएमडीचा रायझन ५ ७५२०यू बाजारात आला २०२२ मध्ये, पण त्याची आतली रचना झेन २, म्हणजे २०१९ ची. शेजारचा ७५३०यू झेन ३ चा. ७००० च्या मालिकेत तिसरा आकडा रचना सांगतो, तो वाचायला शिक. इंटेलमध्ये शेवटच्या अक्षराकडे बघ. यू म्हणजे कमी वीज खाणारा आणि बॅटरी टिकवणारा, एच म्हणजे जास्त ताकदीचा आणि जास्त तापणारा. तुझ्या अभ्यासाला मधल्या दर्जाचा, गेल्या दोन-तीन वर्षांतल्या रचनेचा कोणताही चालेल. आय७ साठी रॅमवर काट मारू नकोस.

ग्राफिक्स कार्डाचं दुकानदार म्हणतो त्यात अर्धं खरं आहे. न्यूरल नेटवर्कचं ट्रेनिंग ग्राफिक्स कार्डावर कितीतरी वेगाने होतं, आणि त्यासाठीचं पुष्कळसं सॉफ्टवेअर एनव्हिडियाच्या 'कुडा' या प्रणालीवर उभं आहे. पण हा विषय तुला पहिल्या दोन वर्षांत क्वचितच लागेल. आणि स्वस्त गेमिंग लॅपटॉपवरचं ४ जीबीचं कार्ड आजच्या मोठ्या मॉडेलांना अपुरंच पडतं. गूगल कोलॅब आणि कॅगलवर त्याहून दमदार कार्ड मर्यादित वेळ फुकट वापरायला मिळतं, कॉलेजचे प्रोजेक्ट त्यात होतात. त्याउलट गेमिंगच्या लॅपटॉपचं वजन सव्वादोन किलोच्या घरात, अडॅप्टर वेगळा, आणि बॅटरी दोन-तीन तासांत बसते. वर्गात सगळ्यांना पुरतील एवढी प्लगची भोकं नसतात, पुण्याच्या सीओईपी कॉलेजातही नाहीत आणि संगमनेरातही नाहीत. तू होस्टेल ते वर्ग रोज पाठीवर घेऊन चालणार आहेस. दीड किलोच्या आसपासचं मशिन घे. मॅकबुकचा विचार सोडून दे. तो चांगला असतो, पण त्यात रॅम पुढे वाढवता येत नाही आणि लॅबमधलं काही सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं.

स्क्रीनला मात्र कंजुषी नको. फुल एचडी, आयपीएस, चकचकीत काचेची नको. १६:१० आकाराची मिळाली तर उत्तम, कोडच्या चार ओळी जास्त दिसतात. कीबोर्डवर दुकानात उभं राहून खरोखर पानभर टाइप करून बघ. लोक दहा मिनिटं रंग पाहतात आणि कीबोर्डला हातही लावत नाहीत.

विजेविषयी जरा सविस्तर सांगते, कारण सुट्टीत तू वस्तीवर बसून काम करशील. लॅपटॉपचे अडॅप्टर साधारण १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यामुळे संध्याकाळी बल्ब पिवळे पडले तरी त्याला फारसं काही होत नाही. धोका असतो लाइट गेल्यावर एकदम परत येते तेव्हाच्या झटक्याचा, आणि डीपीवर काम चालू असताना. लाइट गेली की प्लग काढून ठेव आणि पुन्हा आल्यावर थोड्या वेळाने लाव, तोवर बॅटरीवर काम चालतं. आणि तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड कधीही लावू नकोस. वरची जाड पिन आर्थिंगची. आर्थिंग नसेल तर धातूच्या बॉडीला हात लागला की झिणझिण्या येतात. दादाला सांगून घराचं आर्थिंग एकदा वायरमनकडून तपासून घ्या, ते लॅपटॉपपेक्षा तुमच्यासाठीच जास्त गरजेचं आहे.

वॉरंटी 'ऑनसाइट' असली तर तंत्रज्ञ घरी येतो, पण तुझ्या पिनकोडला येतो का हे घेण्याआधी कंपनीच्या नंबरवर विचार. माझ्या एका विद्यार्थ्याचा लॅपटॉप ऐन सबमिशनच्या दिवसांत पुण्याला जाऊन तीन आठवडे पडून होता, आणि त्याचा प्रोजेक्ट त्यातच अडकला होता. कंपनी निवडताना नगर किंवा नाशिकला सर्व्हिस सेंटर आहे का, एवढा एकच निकष मी दोन सारख्या मशिनांमध्ये लावेन.

सत्तर हजारांत नवं मनासारखं सापडलं नाही, तर ऑफिसांतून निघालेले बिझनेस लॅपटॉप पाहा. ते मजबूत असतात, त्यांचे सुटे भाग मिळतात आणि बऱ्याच मॉडेलांत रॅम बदलता येते. फक्त इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचं घेऊ नकोस, विंडोज ११ अधिकृतपणे त्यावर चालत नाही आणि विंडोज १० चा पाठिंबा ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. बॅटरीची मूळ क्षमता किती आणि आता किती उरली, हा रिपोर्ट विंडोजमधूनच निघतो. तो समोर काढायला लाव. पक्कं बिल आणि लेखी वॉरंटी नसेल तर तिथून उठायचं. जुनं घेतलं म्हणून मैत्रिणींसमोर संकोच करू नकोस, तुझा कोड कोणत्या मशिनवर लिहिला गेला हे कोणी विचारत नाही.

मशिन हातात आल्यावर पहिल्याच दिवशी दोन गोष्टी कर. विंडोज ११ पुष्कळ लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट करतं. लिनक्स बसवण्यासाठी बायोसमध्ये काही बदललंस तर ते अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की मागेल, आणि ती नसेल तर आतलं सगळं गेलं समज. ती की आधी शोधून वहीत लिहून ठेव, वही लॅपटॉपच्या बॅगेत नको. दुसरं, गिटहबवर खातं काढ आणि पहिल्या प्रोग्रॅमपासून कोड तिथे ठेवत जा. होस्टेलला पाणी सांडतं, चोऱ्याही होतात.

मग दिवाळीच्या सुट्टीत उबंटू बसव. माझ्याकडे पेनड्राइव्ह तयार आहे, पण बसवायचं तू, मी शेजारी बसेन. सुरुवातीला काहीतरी चुकेल, वायफाय चालणार नाही, कदाचित विंडोज दिसेनासं होईल. घाबरून दुकानात फॉरमॅट मारायला नेऊ नकोस. एरर वाच, शोध, पुन्हा कर.

शनिवारी दादा नगरला येणार आहे, त्याच्याबरोबर ये. त्याआधी तुला पसंत पडलेल्या दोन मॉडेलांचे पूर्ण नंबर, रॅमचे स्लॉट आणि सर्व्हिस सेंटरचा पत्ता एका कागदावर लिहून आण. मी आधीच काही सुचवणार नाही, तुझी कारणं ऐकेन आणि मग आपण तिघं दुकानात जाऊ. दादा-वहिनींना नमस्कार, आजीला सांग की डोळ्यांचे थेंब पाठवले आहेत.

तुझी,
आत्या