भजनाचे ध्वनिमुद्रण आणि घरचा संगणक



आपल्या संप्रदायातील चाली मुखपरंपरेने आल्या. शब्द पोथीत राहिले, पण चाल राहिली ती कंठात. बुवांनी म्हणावे, टाळकऱ्यांनी उचलावे, अशीच ती पुढे चालली. म्हणून काकड्याच्या, हरिपाठाच्या, गौळणींच्या जुन्या चाली घरच्या संगणकावर उतरवून ठेवाव्यात, अशी इच्छा अनेक भजनी मंडळांना होते. इच्छा चांगलीच आहे. पण मुद्रण सुरू झाले की मध्येच टिक्-टिक् आवाज येतो, यंत्र अडखळते, आणि कोणी तरी म्हणतो, “नवा घ्या, त्याशिवाय गत्यंतर नाही.” आता मंडळाची वर्गणी म्हणजे वारीची आणि अन्नदानाची ठेव. ती उगाच खर्चणे बरे नव्हे, आणि पैसा राखण्यापायी चाल बिघडू देणे हेही बरे नव्हे. तेव्हा खर्च कोठे करावा आणि कोठे करू नये, याचा विचार येथे करू.

प्रथम आमची चूक सांगतो. आमच्या मंडळातील एक वयोवृद्ध बुवा मोठ्या मिनतवारीने मुद्रणास बसायला तयार झाले. आदल्या रात्री आम्ही हौसेने संगणकाचे सारे अपडेट करून घेतले. सकाळी पाहतो तो, माइक जोडण्याची पेटी संगणक ओळखीचना! खटपटीत दुपार टळली, बुवा थकून घरी गेले. पुढे त्यांचा आवाज बसला, तो पुन्हा पहिल्यासारखा लागला नाही. त्यांच्या निम्म्याच चाली आज आमच्यापाशी आहेत. दोष यंत्राचा नव्हे, आमच्या उतावीळपणाचा. ही वेळ दुसऱ्या मंडळावर येऊ नये, म्हणून हा पाठ.

१. टिक्-टिक् का होते?

संगणक आवाजाचे नमुने घेतो. सामान्यतः दर सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,०००. हे नमुने तो एकेक करून हाताळीत नाही, घाऊक हाताळतो. त्या घाऊक मापाला बफर म्हणतात. वारीच्या वाटेवर पाण्याचा रांजण मांडलेला असतो, तसे हे समजा. रांजण लहान असेल तर पाणी भरणाऱ्याला सारख्या खेपा घालाव्या लागतात. एका खेपेला उशीर झाला की रांजण कोरडा. रांजण मोठा असेल तर उशीर खपून जातो, पण आज ओतलेले पाणी तोटीशी यायला वेळ लागतो.

दर सेकंदाला ४८,००० नमुने असता २५६ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे ५.३ मिलिसेकंद, आणि १०२४ चा म्हणजे सुमारे २१.३ मिलिसेकंद. तेवढ्या अवधीत संगणकाने आपले सारे काम उरकलेच पाहिजे. एक खेप चुकली की टिक् झालेच. कोणी विचारील, “भार तर चाळीस टक्केच दिसतो, मग असे कसे?” अहो, तो भार सरासरीचा. सबंध दिवसाचे पाणी पुरेसे आले, तरी ऐन पंगतीला रांजण कोरडा पडू शकतो ना? तसेच हे.

आता महत्त्वाची गोष्ट. गायक हेडफोन लावून संगणकातून फिरून आलेला आपलाच आवाज ऐकत असेल, तर बफर १२८ किंवा २५६ असा लहान हवा. नाही तर आवाज मागाहून येतो आणि ताल सुटतो. पण आपले भजन तसे होत नाही. टाळ, मृदंग, वीणा सारे एकत्र बसून, एकमेकांस समोरासमोर ऐकून म्हणतात. हेडफोनची गरजच नाही. मग बफर खुशाल १०२४ ठेवावा. एवढ्या एका गोष्टीने जुना संगणकही पुष्कळदा कामास येतो. पै खर्च होत नाही.

२. विनाखर्चाचे उपाय

मुद्रणाच्या वेळी वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावे. व्हायरस तपासणी त्या वेळी चालू देऊ नये. लॅपटॉप बॅटरीवर न चालवता चार्जर लावावा, आणि वीजबचतीची सोय काढून पूर्ण क्षमतेची निवडावी. पंख्यातील धूळ साफ करावी. यंत्र तापले की ते स्वतःच आपला वेग कमी करते. विंडोजवर माइकच्या पेटीचा, तिच्या निर्मात्याने दिलेला एएसआयओ ड्रायव्हर वापरावा. नमुन्यांचा वेग ४८,००० पुरे; ९६,००० केला तर भार आणि जागा दोन्ही दुप्पट. घुमारा वगैरे संस्कार गाणे चालू असता लावू नयेत, मागाहून लावावेत. आणि लावून झाले की ती पट्टी ‘फ्रीझ’ करावी, म्हणजे तेच गणित यंत्राला पुनःपुन्हा करावे लागत नाही.

३. खर्च करायचाच झाला तर

आधी टास्क मॅनेजर उघडून कोण थकले ते पाहावे. मेमरी भरत असेल तर ८ जीबीची १६ करावी. परंतु काही लॅपटॉपांत ती पक्की डकवलेली असते, म्हणून आधी चौकशी करावी. जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी बसवल्याने सारे यंत्र चपळ होते. मात्र केवळ मुद्रणासाठी डिस्कचा बाऊ नको. २४ बिट, ४८,००० नमुने अशी एक पट्टी मिनिटाला सुमारे ८.६ एमबी घेते. आठ पट्ट्या तासाला सुमारे ४.१ जीबी. एवढे जुनी डिस्कही सहज लिहिते. प्रोसेसरच कमी पडत असेल, तरच नव्या यंत्राचा विचार करावा. आणि तो बफर वाढवून, पट्ट्या फ्रीझ करून पाहिल्यानंतर.

४. अपडेटची शिस्त

काम अर्धे असता अपडेट करू नये. हातचे भजन पुरे करावे, त्याच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या जागी ठेवाव्यात. प्रत्येक पट्टी आरंभापासून डब्ल्यूएव्ही रूपात काढून ठेवावी, कारण प्रकल्पाची फाइल त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडते, डब्ल्यूएव्ही मात्र बहुतेक सर्वत्र उघडते. जुन्या ड्रायव्हरची फाइल जपावी. मग अपडेट करावे, आणि तासभर नुसते रिकामे मुद्रण करून ते ऐकावे. टिक् नाही अशी खात्री झाली, की मगच बुवांना बोलावणे धाडावे.

विंडोज १० चा सर्वसाधारण मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते, ते अनेक जुन्या यंत्रांत नसते. म्हणून ते यंत्र मोडीत काढण्याची घाई नको. इंटरनेटपासून दूर ठेवून केवळ मुद्रणासाठी ते वापरता येते.

असो. यंत्र आज ना उद्या पुन्हा विकत मिळेल. बुवांचा कंठ मिळणार नाही. म्हणून पुढच्या वारीची वाट न पाहता, आहे त्या संगणकावर, बफर मोठा करून, या आठवड्यातच त्यांच्यापुढे माइक मांडावा, हीच वाचकांस विनंती.

पुंडलिक वरदे हारि विठ्ठल!