सरावाची धाव : आत्मविश्वासाचा पुरावा

१८९६ साली अथेन्स येथे भरलेल्या पहिल्या आधुनिक ऑलिम्पिकमधील मॅरेथॉन शर्यत स्पिरिडॉन लुईस या पाणी वाहून नेण्याचे काम करणाऱ्या ग्रीक तरुणाने जिंकली, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्याआधी ग्रीसमध्ये दोन निवड-शर्यती घेण्यात आल्या होत्या, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. पहिल्या निवड-शर्यतीत कारिलाओस वासिलाकोस विजयी झाला. ऑलिम्पिकमध्ये तो दुसरा आला. दुसऱ्या निवड-शर्यतीत लुईसचा क्रमांक पाचवा होता. म्हणजे मॅरेथॉनच्या इतिहासाचा प्रारंभच पूर्वपरीक्षेने झाला आहे, आणि त्या पूर्वपरीक्षेत पाचवा आलेला मनुष्य पुढे पहिला ठरला आहे. वर्गात हा प्रसंग शिकविताना आम्हांस जे उमगले नव्हते, ते पुढे साताऱ्याच्या यवतेश्वर घाटाने शिकविले. त्या धड्याची ही नोंद.

अर्धमॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. आमच्या विद्यालयातून शिकून गेलेले काही तरुण-तरुणी आणि आम्ही शिक्षक साताऱ्याच्या डोंगरी अर्धमॅरेथॉनची तयारी करतो. हे अंतर अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांसाठीच आहे, हे प्रथम नमूद करणे आवश्यक आहे. शहरातून निघावयाचे, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने पुढे जावयाचे आणि त्याच वाटेने उतरावयाचे, असा हा मार्ग आहे.

पहिल्या वर्षी आम्ही एक मोठी चूक केली. सगळा सराव सपाट मैदानावर झाला आणि त्यातील सर्वांत लांब धाव अवघी १० किलोमीटरची होती. उरलेली उणीव आम्ही भाषणांनी भरून काढली. 'तुम्ही करू शकता' हे वाक्य आम्ही किती वेळा उच्चारले असेल, त्याची गणती नाही. शर्यतीच्या दिवशी ऊसतोड कामगाराच्या घरातून आलेली आमची एक माजी विद्यार्थिनी प्रारंभी जोराने धावली आणि घाटातील एका वळणावर थांबली. तिला पुढे पाऊल टाकवेना. परतताना ती एवढेच म्हणाली, "सर, हे आपल्यासारख्यांचं काम नाही." त्यानंतर कित्येक महिने ती मैदानावर फिरकली नाही. तिचे पाय थकले याचे आम्हांस दुःख नव्हते; थकलेल्या पायांवरून तिने स्वतःविषयी जो निष्कर्ष काढला, त्याचे होते. तो निष्कर्ष काढण्याची वेळ तिच्यावर आमच्या अपुऱ्या तयारीने आणली होती.

आत्मविश्वास कोठून येतो, याचे शास्त्रशुद्ध विवेचन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये केले. एखादे काम आपल्याला साधेल या विश्वासाचे त्यांनी चार स्रोत सांगितले : स्वतः ते काम करून पाहिल्याचा अनुभव, आपल्यासारख्या माणसाला ते करताना पाहणे, इतरांनी दिलेला धीर, आणि स्वतःच्या शरीर-मनाच्या स्थितीचा आपण लावलेला अर्थ. यांपैकी पहिला स्रोत सर्वांत बलवान होय. दुसऱ्याचे उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. माणसारख्या दुष्काळी तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. आमच्या मुलींना हे नाव मोठा आधार देते. परंतु घाट चढताना धाप लागते तेव्हा भाषण आठवत नाही, आदर्शही पुरा पडत नाही. तेव्हा 'हे मी केले आहे' ही आठवणच कामी येते.

म्हणून दुसऱ्या वर्षी आम्ही क्रम बदलला. बारा आठवड्यांची आखणी केली. आठवड्यातून एकदा लांब धाव ठेवली आणि तिचे अंतर थोडे थोडे वाढवीत नेले. घाटाची सवय व्हावी म्हणून मधून मधून चढावरही सराव केला. शर्यतीच्या तीन आठवडे आधी त्याच घाटात १८ किलोमीटरची धाव योजली. नियम मोजकेच होते. शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच गतीने धावावयाचे. घड्याळाशी वा सोबत्याशी स्पर्धा करावयाची नाही. दम लागल्यास चालावयाचे. त्यात कमीपणा नाही. शर्यतीत जे बूट वापरावयाचे तेच घालावयाचे, जे खावयाचे तेच खावयाचे. आदल्या रात्री भात-आमटी, पहाटे एक केळे, वाटेत मीठ, साखर व लिंबू घातलेले पाणी.

मंद गतीचे कारण शरीरशास्त्रात आहे. स्नायूंत आणि यकृतात साठलेली शर्करा जोराने धावल्यास लवकर संपते. मंद धावेत शरीर चरबीचाही अधिक उपयोग करावयास शिकते, आणि अशा नियमित सरावाने स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे वाढते. बौद्ध वाङ्मयातील सोण भिक्षूची कथा येथे आठवते. चंक्रमण करता करता त्याचे तळपाय रक्ताळले, तेव्हा तथागतांनी त्यास वीणेच्या तारांचे उदाहरण देऊन प्रयत्नांतील समतोल समजाविला. तार फार ताणली तरी सूर बिघडतो, फार सैल ठेवली तरी बिघडतो.

त्या रविवारी पहाटे आम्ही नऊ जण निघालो. बरीच समजूत घातल्यावर ती विद्यार्थिनीही आली होती. घाटातील ते वळण आले आणि ती थांबली. "सर, इथेच," एवढेच म्हणाली. आम्ही उपदेश केला नाही. सारे तिच्या सोबतीने दोन मिनिटे चालले. मग तिनेच पुन्हा धावावयास प्रारंभ केला. नऊ किलोमीटरवरून आम्ही वळलो. उतरताना ते वळण पुन्हा आले, तेव्हा तिने त्याकडे पाहिलेसुद्धा नाही. खाली पोहोचल्यावर आम्हांस वाटले, ती आनंदाने काही मोठे बोलेल. ती हिशेब करीत होती. म्हणाली, "सर, आता न धावलेले तीनच किलोमीटर राहिले."

आत्मविश्वासाची याहून नेमकी व्याख्या आम्हांस अद्याप सापडलेली नाही. अज्ञात एकवीस किलोमीटरांचे भय मोठे असते. ज्ञात अठरांनंतरच्या तिनांचे भय मोजता येते, आणि जे मोजता येते त्याची तयारी करता येते.

या धावेसंबंधी काही सावधगिरीच्या गोष्टी सांगावयास हव्यात. सराव सुरू करण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. छातीत दुखणे, चक्कर येणे किंवा सांध्यात तीव्र वेदना होणे, यांपैकी काहीही झाल्यास तत्काळ थांबावे. या धावेनंतर अंतर वाढवू नये, उलट क्रमाने कमी करीत जावे, म्हणजे शरीर ताजेतवाने होऊन शर्यतीस उभे राहते. आणि ही धाव पुरी झाली नाही, तरी तो पराभव मानू नये. कोठे कमी पडलो हे तीन आठवडे आधी कळणे, हाही लाभच आहे.

शर्यतीच्या दिवशी ती विद्यार्थिनी पुष्कळांच्या मागून, परंतु धावत, अंतिम रेषेवर आली. आता ती नव्या मुलींना त्या वळणापर्यंत घेऊन जाते.

आम्ही शिक्षकांनी यातून एक नियम घेतला आहे. शालान्त परीक्षा असो, वक्तृत्वाचे व्यासपीठ असो वा नोकरीची मुलाखत असो, ज्या मुलांच्या घरात त्या वाटेने आधी कोणी गेलेले नाही, त्यांना नुसता धीर देऊन पाठवू नये. त्या वाटेवरून त्यांच्यासोबत एकदा जाऊन यावे. म्हणजे प्रत्यक्ष दिवशी त्यांना आपल्या शब्दांवर विसंबून राहावे लागणार नाही.