घटक ४ : सभेचे कामकाज – कार्यसूची, ठराव आणि इतिवृत्तलेखन

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

१. स्थानिक स्वराज्य संस्थेच्या सभेतील नेहमीच्या कामकाजाचा क्रम सांगता येईल.
२. सभेची कार्यसूची तयार करता येईल.
३. मोघम ठराव आणि नेमका ठराव यांतील फरक ओळखता येईल व नेमका ठराव लिहिता येईल.
४. इतिवृत्ताच्या भाषेची वैशिष्ट्ये उदाहरणांसह स्पष्ट करता येतील.
५. लिखित ठरावाचे सामर्थ्य आणि त्याच्या मर्यादा यांची चर्चा करता येईल.

४.२ प्रास्ताविक

मित्रहो, मागील घटकात आपण अर्जलेखन आणि कार्यालयीन पत्रव्यवहार यांचा विचार केला. अर्ज कार्यालयात दाखल झाल्यावर त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न साहजिकच उरतो. पुष्कळदा त्या अर्जाचा निर्णय सभेत होतो. तो कार्यसूचीवर येतो, त्यावर चर्चा होते, ठराव होतो आणि त्या ठरावाची नोंद इतिवृत्तात होते. ही साखळी कोठे तुटली, तर अर्जदाराचे काम अडते. म्हणून या घटकात आपण सभेच्या कामकाजाकडे भाषेच्या अंगाने पाहणार आहोत.

तुमच्यापैकी काहीजण ग्रामपंचायतीचे सदस्य असतील, काहीजण कार्यालयात लिपिक असतील, काहीजणी अंगणवाडी सेविका किंवा बचत गटाच्या सचिव असतील. सभेचे कामकाज तुमच्या परिचयाचे आहे. ते कसे लिहावे, एवढेच येथे शिकायचे आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ सभा : कोणाची आणि केव्हा

विवेचनासाठी आपण परभणी जिल्ह्यातील राणीसावरगाव हे गाव डोळ्यांपुढे ठेवू. गंगाखेड तालुक्यातील हे गाव रेणुकादेवीच्या मंदिरामुळे परिसरात ओळखले जाते. गावचा कारभार ग्रामपंचायत पाहते. तालुक्याचे ठिकाण असलेल्या गोदाकाठच्या गंगाखेडला नगरपरिषद आहे, तर जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे परभणीला, २०११ पासून महानगरपालिका आहे. ग्रामपंचायतीला १९५८ चा, नगरपरिषदेला १९६५ चा आणि महानगरपालिकेला १९४९ चा अधिनियम लागू होतो. कायदे वेगळे असले, तरी सभेचा सांगाडा सारखाच असतो : सूचना, कार्यसूची, गणपूर्ती, चर्चा, ठराव आणि इतिवृत्त.

ग्रामपंचायतीच्या बाबतीत दोन सभांचा घोटाळा करू नये. मासिक सभा ही निवडून आलेल्या सदस्यांची असते. ग्रामसभा ही गावातील सर्व मतदारांची असते. ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. ज्या गावात दोन हजार मतदार आहेत, तेथे १५ टक्के म्हणजे ३०० होतात. परंतु १०० ही संख्या कमी असल्याने १०० मतदार उपस्थित असले तरी सभा चालू शकते. इतिवृत्तात उपस्थितांची नोंद आणि स्वाक्षऱ्या का आवश्यक असतात, हे यावरून ध्यानात येईल. ती नोंद नसेल, तर सभा नियमानुसार झाली हे दाखविणे अवघड जाते.

४.३.२ सूचना आणि कार्यसूची

सभेची सूचना ठरावीक 'पूर्ण दिवस' आधी द्यावी लागते. पूर्ण दिवस मोजताना सूचना मिळाल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही वगळतात. समजा, तीन पूर्ण दिवसांची सूचना हवी आहे आणि ती १० तारखेला मिळाली, तर ११, १२ व १३ हे तीन दिवस सोडून सभा १४ तारखेला घेता येईल.

सूचनेसोबत कार्यसूची असते. कार्यसूची म्हणजे सभेपुढे येणाऱ्या विषयांची क्रमवार यादी. नेहमीच्या मासिक सभेची कार्यसूची साधारणपणे अशी असते :

१. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
२. मागील महिन्याच्या जमाखर्चास मान्यता देणे.
३. पाणीपुरवठा व दिवाबत्ती यांविषयी आलेल्या अर्जांचा विचार करणे.
४. घरपट्टी व पाणीपट्टी वसुलीचा आढावा घेणे.
५. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांचा विचार करणे.

येथे प्रत्येक विषय '-णे' प्रत्ययान्त धातुसाधित नामाने संपतो, हे लक्षात घ्या. 'कायम करणे', 'मान्यता देणे', 'विचार करणे' या शब्दांतून काय करायचे आहे ते कळते. निर्णय काय होईल ते मात्र सूचित होत नाही. कार्यसूचीची भाषा निर्णयाबाबत तटस्थ असावी लागते. 'अमुक व्यक्तीचे अतिक्रमण हटविणे' असा विषय लिहिला, तर सभेआधीच निकाल लागल्यासारखे होते. 'अतिक्रमणाबाबत आलेल्या तक्रारीचा विचार करणे' हे लेखन योग्य ठरेल.

पहिल्या विषयातील 'कायम करणे' या शब्दप्रयोगाचा अर्थही समजून घ्या. इतिवृत्त कायम करणे म्हणजे मागील सभेत जे घडले त्याची नोंद बरोबर झाली आहे, याला सभेने दिलेली मान्यता. तेथे जुन्या निर्णयावर पुन्हा वाद घालता येत नाही. निर्णय बदलायचा असेल, तर रीतसर स्वतंत्र ठराव आणावा लागतो.

पाचवा विषय सोयीचा असतो, तसाच जोखमीचाही असतो. सदस्यांना आधी कल्पना नसलेला मोठ्या खर्चाचा विषय ऐनवेळी आला, तर विचाराला अवधी मिळत नाही. म्हणून महत्त्वाचे विषय कार्यसूचीवर स्पष्टपणे छापलेले असावेत.

४.३.३ ठराव

ठराव हा शब्द 'ठरणे' या क्रियापदापासून आला आहे. चर्चेत अनेक मते मांडली जातात. ठरावात एकच निर्णय राहतो. पुढील दोन नमुने वाचा. दोन्ही केवळ अभ्यासासाठी रचलेले आहेत.

नमुना १ : "गावातील पाण्याच्या अडचणीबाबत सविस्तर चर्चा झाली. संबंधितांनी लवकरात लवकर योग्य ती कार्यवाही करावी असे सर्वानुमते ठरले."

नमुना २ : "प्रभाग क्र. २ मधील शाळेजवळचा हातपंप नादुरुस्त असल्याबाबतचा नागरिकांचा अर्ज सभेपुढे वाचून दाखविण्यात आला. चर्चेअंती असे ठरले की, सदर हातपंपाची दुरुस्ती पाणीपुरवठा निधीतून रुपये ८,५०० च्या मर्यादेत करण्यात यावी. हे काम ग्रामविकास अधिकाऱ्यांनी १५ मार्चपूर्वी पूर्ण करून घ्यावे आणि झालेल्या खर्चाचा तपशील पुढील मासिक सभेत सादर करावा. सूचक : ...... अनुमोदक : ...... ठराव ७ विरुद्ध २ मतांनी मंजूर."

पहिला नमुना कानाला भारदस्त वाटतो. त्यात व्याकरणाची चूक नाही. तरीही त्यातून कोणतेच काम निघत नाही. 'संबंधित' म्हणजे कोण? 'लवकरात लवकर' म्हणजे केव्हा? 'योग्य ती' म्हणजे कोणती? एप्रिलमध्ये रिकामी घागर घेऊन कार्यालयात आलेल्या बाईंनी हा ठराव पुढे ठेवला, तर कोणाकडेही बोट दाखविता येणार नाही. उलट ठराव पाळला गेला असेच कोणी म्हणू शकेल. दुसऱ्या नमुन्यात मात्र काय करायचे, कोणी, कोणत्या पैशातून, किती मर्यादेत आणि केव्हापर्यंत, या पाच प्रश्नांची उत्तरे आहेत. त्यातील १५ मार्च ही तारीख हीच त्या बाईंच्या हातातली खरी वस्तू आहे. ठराव लिहून झाल्यावर हे पाच प्रश्न त्याला विचारून पाहावेत.

विरोधी मतांचीही नोंद घ्यावी. २ सदस्यांचा विरोध असताना 'सर्वानुमते' लिहिणे ही भाषेची सफाई नसून खोटी नोंद होय. 'सर्वानुमते' आणि 'बहुमताने' हे शब्द पर्यायी नाहीत.

४.३.४ इतिवृत्ताची भाषा

इतिवृत्तात क्रियापदांची दोन रूपे मुख्यतः आढळतात. जे घडले त्यासाठी भूतकाळ येतो : 'अर्ज वाचण्यात आला', 'चर्चा झाली'. जे ठरले त्यासाठी विध्यर्थ येतो : 'दुरुस्ती करण्यात यावी', 'तपशील सादर करावा'. वृत्तान्त आणि आज्ञा यांची सीमारेषा क्रियापदाच्या रूपानेच आखली जाते.

'-ण्यात येणे' ही रचना इतिवृत्तात विपुल आढळते. निर्णय कोणा एका व्यक्तीचा नसून सभेचा असतो, म्हणून कर्ता मागे ठेवणारी ही रचना तेथे शोभते. मात्र जबाबदारी सोपविताना कर्ता लपता कामा नये. 'काम पूर्ण करण्यात यावे' असे लिहून थांबलो, तर काम कोणाचेच राहत नाही. नमुना २ मध्ये निर्णयासाठी पहिली रचना आणि जबाबदारीसाठी 'ग्रामविकास अधिकाऱ्यांनी' असा स्पष्ट कर्ता वापरला आहे, तो याच कारणाने.

शब्दसंग्रहाच्या दृष्टीने इतिवृत्तात मराठीचा इतिहास दिसतो. हजर, मंजूर, तहकूब, कायम, अर्ज, खर्च हे शब्द फारसी-अरबीतून आले आणि मराठीचे झाले. इतिवृत्त, अनुमोदन, गणपूर्ती, तटस्थ हे शब्द संस्कृतावरून घेतले आहेत. शिवकाळात 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध झाला, तेव्हापासून राज्यकारभाराच्या शब्दांची जाणीवपूर्वक घडण सुरू आहे. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६० मध्ये भाषा संचालनालय आणि १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम यांनी त्या कामाला शासकीय अधिष्ठान दिले. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत होता आणि तेथे राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे परभणीसारख्या जिल्ह्यात मराठीतून कारभार होणे ही तुलनेने अलीकडची मिळकत आहे. ती टिकवायची, तर कारभाराची मराठी सामान्य माणसाला कळेल अशी असली पाहिजे. 'तहकूब' हा रुळलेला शब्द टाकून दुर्बोध शब्द योजण्याने काही साधत नाही.

४.३.५ ठरावाचे सामर्थ्य आणि मर्यादा : महाडचे उदाहरण

लिहिलेला ठराव किती दूरवर जातो, याचे महाराष्ट्राच्या इतिहासातील ठळक उदाहरण महाड नगरपालिकेचे आहे. तेथेही विषय पाण्याचाच होता, मात्र त्याच्या मुळाशी माणसाच्या हक्काचा प्रश्न होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. मात्र ज्यांच्यासाठी तो केला, त्यांना सवर्णांच्या विरोधामुळे तळ्याचे पाणी घेता आले नाही. ठराव दप्तरात होता, पाणी तळ्यात होते. मधले अंतर तसेच राहिले. ते अंतर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबत आलेल्या सत्याग्रहींनी तळ्याचे पाणी पिऊन तोडले.

त्यानंतर ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. प्रकरण न्यायालयात गेले. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासून चालत आल्याचे सिद्ध झाले नाही आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल डॉ. आंबेडकरांच्या बाजूने लागला.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. ठराव आपोआप अमलात येत नाही. त्यामागे माणसे उभी राहावी लागतात. आणि सभेने दिलेले सभाच काढून घेऊ शकते. म्हणून नागरिकांनी इतिवृत्तावर लक्ष ठेवणे अगत्याचे असते. आज माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार कोणत्याही नागरिकाला इतिवृत्ताची प्रत मागता येते.

४.४ सारांश

सभेचे नेहमीचे कामकाज सूचना, कार्यसूची, चर्चा, ठराव आणि इतिवृत्त या क्रमाने चालते. कार्यसूची निर्णयाबाबत तटस्थ असावी. ठरावात काय, कोणी, कोणत्या निधीतून, किती आणि केव्हापर्यंत हे स्पष्ट असावे. घडलेल्या गोष्टीसाठी भूतकाळ आणि निर्णयासाठी विध्यर्थ वापरावा. जबाबदारी सांगताना कर्ता स्पष्ट लिहावा. मोघम शब्दांचा तोटा लिहिणाऱ्याला होत नाही; ज्याचे काम अडलेले असते त्याला होतो.

४.५ शब्दार्थ

गणपूर्ती – सभा चालण्यासाठी आवश्यक असलेली किमान उपस्थिती.
तहकूब – पुढे ढकललेली (सभा).
सूचक – ठराव मांडणारा सदस्य.
अनुमोदक – ठरावाला पाठिंबा देणारा सदस्य.
विध्यर्थ – आज्ञा, कर्तव्य, इच्छा, शक्यता इत्यादी दर्शविणारा क्रियापदाचा अर्थ.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्न

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. ६०० मतदारांच्या गावात ग्रामसभेची गणपूर्ती किती मतदारांनी होईल?
२. इतिवृत्त कायम करणे म्हणजे काय?
३. महाड नगरपालिकेने १९२४ चा ठराव केव्हा रद्द केला?

उत्तरे : १. ६०० च्या १५ टक्के म्हणजे ९० मतदारांनी, कारण ही संख्या १०० पेक्षा कमी आहे. २. मागील सभेची नोंद बरोबर असल्याला सभेने मान्यता देणे. ३. ४ ऑगस्ट १९२७ रोजी.

४.७ सरावासाठी स्वाध्याय

१. 'रस्त्यावरील दिव्यांबाबत योग्य ती कार्यवाही करावी असे ठरले' हा ठराव पाच प्रश्नांच्या कसोटीवर तपासून नव्याने लिहा.
२. इतिवृत्तातील '-ण्यात येणे' या रचनेची उपयुक्तता आणि तिचा धोका उदाहरणांसह स्पष्ट करा.
३. 'ठराव कागदावरून पाण्यापर्यंत पोहोचला पाहिजे.' या विधानाची महाडच्या उदाहरणाच्या आधारे चर्चा करा.

४.८ उपक्रम

तुमच्या गावच्या पुढील ग्रामसभेला किंवा तुमच्या बचत गटाच्या बैठकीला वही घेऊन उपस्थित राहा. तेथे झालेल्या एका निर्णयाचे इतिवृत्त स्वतः लिहा. दोन महिन्यांनी त्या निर्णयाचे काय झाले याची चौकशी करून त्याच पानावर खाली नोंद करा. हे पान संपर्कसत्रात आपल्या सहाध्यायींना वाचून दाखवा.