अपत्यासाठी तपासणी : पती-पत्नी दोघांचीही

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी, डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांमुळे, शरीराबाहेर फलन झालेल्या बीजापासून वाढलेली बालिका जन्मास आली. त्यानंतर या शास्त्राने मोठा पल्ला गाठला. परंतु घरात पाळणा हलला नाही की दोष सुनेचाच, ही समजूत अद्याप पुरती गेलेली नाही. नवस-सायास तिनेच करावयाचे, अंगारे-धुपारे तिलाच आणि दवाखान्यातही तिनेच जावयाचे, असे अनेक घरांत घडते. पती तपासणी टाळतो आणि गर्भधारणेच्या दृष्टीने मोलाची वर्षे निघून जातात. वास्तविक, मूल न होण्याच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारणाचा पूर्ण अथवा अंशतः वाटा असतो.

तपासणी केव्हा करावी?

संततिनियमनाचे साधन न वापरता, नियमित सहवास असूनही वर्षभरात गर्भधारणा न झाल्यास तपासणी करून घ्यावी. पत्नीचे वय पस्तीस वा अधिक असल्यास सहा महिन्यांहून अधिक थांबू नये. पाळी अतिशय अनियमित असणे, पूर्वी क्षयरोग झालेला असणे, किंवा वयात आल्यानंतर गालगुंड होऊन पतीच्या वृषणास सूज आलेली असणे, अशा परिस्थितीत तर आरंभीच वैद्यकीय सल्ला घेणे हिताचे.

पतीची तपासणी

वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी व अल्प खर्चाची. तिच्यासाठी सुई टोचावी लागत नाही. तपासणीपूर्वी दोन ते सात दिवस संयम पाळावा. नमुना घरून न्यावयाचा असल्यास तो अंगाच्या उबेत ठेवून तासाभरात प्रयोगशाळेत पोचवावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेनुसार एका नमुन्यात एकूण ३ कोटी ९० लाख शुक्रजंतू आणि त्यांपैकी ४२ टक्के हालचाल करणारे, या संदर्भासाठीच्या किमान मर्यादा होत. आकडा याहून कमी आला म्हणजे पितृत्व अशक्य, असा मात्र त्याचा अर्थ नव्हे. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. मधल्या काळातील तीव्र तापाचाही परिणाम दिसू शकतो. म्हणून दोष आढळल्यास डॉक्टर साधारणपणे तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करावयास सांगतात. शुक्रजंतूंची संख्या आणि पौरुष या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे पुरुषांनी ध्यानी घ्यावे.

पत्नीची तपासणी

प्रथम पाळीचा इतिहास विचारला जातो. बीजांड बाहेर पडते किंवा नाही, हे पुढील पाळीच्या सुमारे सात दिवस आधी रक्तातील प्रोजेस्टेरॉन तपासून कळते. थायरॉईडची तपासणी व सोनोग्राफीही केली जाते. गर्भनलिका मोकळ्या आहेत का, हे पाहण्यासाठी पाळी थांबल्यावर व बीजांड बाहेर पडण्यापूर्वी गर्भाशयात औषध सोडून क्ष-किरण चित्र घेतात. आपल्या देशात जननेंद्रियांचा क्षयरोग हे नलिका बंद होण्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. तो पुष्कळदा कोणतेही लक्षण न दाखविता राहतो. ही नलिकांची तपासणी पत्नीस थोडीफार वेदनादायक ठरू शकते. म्हणूनच तिच्यापूर्वी पतीचा अहवाल हाती असावा, हा क्रम न्याय्य आणि शास्त्रशुद्धही आहे.

सर्व तपासण्या करूनही काही जोडप्यांत कारण सापडत नाही. अशा वेळी कोणावरही ठपका ठेवण्याचे कारण नाही.

गावातील जाणत्यांचे कर्तव्य

पहिली पत्नी हयात असताना दुसरा विवाह करणे हिंदू विवाह कायदा, १९५५ अन्वये शिक्षापात्र आहे. शिवाय कारण पतीकडे असेल, तर दुसऱ्या विवाहाने काय साधणार? उपचारांच्या नावाखाली फसवणूक होऊ नये म्हणून २०२१ च्या कायद्याने सहायक प्रजनन केंद्रांस नोंदणी बंधनकारक केली आहे. केंद्राची नोंदणी पाहूनच पुढे जावे.

शिक्षक, पंचायत सदस्य व ग्रामपातळीवरील कर्मचारी यांच्या शब्दाला घराघरांत मान असतो. त्यांनी पतीस व घरातील वडीलधाऱ्यांस समजावून सांगावे. मात्र कोणाचाही अहवाल चावडीवरील चर्चेचा विषय होऊ देऊ नये. तपासणीच्या पहिल्याच दिवशी पत्नीबरोबर पतीचाही केसपेपर निघाला, तर एका स्त्रीच्या माथ्यावरील अकारण दोष टळेल आणि उपचारही वेळेवर सुरू होतील.