सात धबधब्यांची वाट

मंडळी, वर्गाच्या भिंतीवर जगाचा नकाशा असेल तर त्याच्यापुढे जाऊन उभे राहा. मुंबईवर बोट ठेवा. आता बोट समुद्रातून खाली न्या, थोडे डावीकडे न्या. साडेचार हजार किलोमीटरांहून जास्त पाणी ओलांडले की एक ठिपका लागेल. त्याच्या डावीकडे मादागास्कर नावाचे मोठे बेट दिसेल. हा ठिपका म्हणजे मॉरिशस.

ठिपका म्हटले, पण तिथे बारा लाखांवर माणसे राहतात. बेटाची लांबी सुमारे ६५ किलोमीटर, रुंदी सुमारे ४५. म्हणजे आपल्या एखाद्या जिल्ह्याहूनही लहान. तिथले घड्याळ आपल्या घड्याळाच्या दीड तास मागे. ऋतू मात्र उलटे. आपल्याकडे जानेवारीत थंडी, तर तिकडे उन्हाळा. पाऊस आणि वादळे डिसेंबर ते एप्रिल या दिवसांत.

माझा पुतण्या तिकडे नोकरीला आहे. त्याच्याकडे मी मार्च महिन्यात गेलो होतो. एका रविवारी तो म्हणाला, "काका, उद्या सुट्टी आहे. धबधबे बघायला जाऊ. चालायची तयारी आहे ना?"

मी म्हणालो, "अरे, खेड्यातला माणूस मी. मला चालायचं काय विचारतोस?"

हे बोलणे मला पुढे महागात पडले. ते सांगतोच.

सकाळी सात वाजता आम्ही हेन्रिएटा नावाच्या गावी पोचलो. उंच पठारावरचे हे गाव. इथे हवा गार असते. वाटाड्या आमची वाट बघत होता. वाटाड्या म्हणजे वाट दाखवणारा माणूस. आम्ही आठ जण होतो. मी, पुतण्या, वाक्वा गावच्या दोन शिक्षिका, फ्रान्सहून आलेले एक नवरा-बायको, आणि एक म्हातारे आजोबा व त्यांचा अठरा वर्षांचा नातू.

हे आजोबा मराठी! त्यांचे पणजोबा रत्नागिरीकडून आलेले. घरात सगळे क्रिओल बोलतात. ती तिथली बोली, फ्रेंचवरून झालेली. पण आजोबा मराठी शाळेत शिकले होते. त्यांचे मराठी पुस्तकातल्यासारखे शुद्ध. "आपण कोणत्या ग्रामातून आलात?" असे त्यांनी विचारले तेव्हा मला हसू आले आणि डोळ्यांत पाणीही आले.

वाटाड्याने निघण्याआधी आमचे पाय पाहिले. हो, पाय! कोणाच्या पायात काय आहे ते. माझ्या पायात चपला होत्या. त्याने मान हलवली आणि गाडीतून जुने बूट काढून दिले. मग तो भोजपुरीत काही बोलला. आजोबांनी मला सांगितले, "तो म्हणतो, मी थांब म्हणालो की थांबायचे. का ते नंतर विचारायचे."

वाट उसाच्या शेतांतून निघाली. शेतांत मधूनमधून काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसत होते. काही ढीग घराएवढे. मी विचारले, हे कशाला रचले? आजोबा म्हणाले, "आमच्या पूर्वजांनी हातांनी वेचले आहेत. दगड काढले तेव्हा ऊस लागला."

ही हकिगत थोडी सांगायला हवी. मॉरिशसमध्ये आधी गुलाम शेतात राबत. १८३५ साली तिथे गुलामी बंद झाली. मळेवाल्यांना मजूर हवे होते. मग हिंदुस्थानातून करारावर माणसे नेली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलास' नावाच्या जहाजातून ३६ मजूर कलकत्त्याहून तिथे पोचले. पुढे १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे गेली. बिहारची सर्वांत जास्त, तामीळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून आपलीही. पोर्ट लुई बंदरात ती जिथे उतरत त्या जागेला आता आप्रवासी घाट म्हणतात. तिथल्या १६ पायऱ्या अजून आहेत. कित्येकांना करार वाचता येत नव्हता. अंगठा उठवला आणि जहाजात बसले.

असो. ऊस संपला आणि झाडी लागली. लाल पिटुकले पेरू लगडलेले होते. त्यांना तिथे चिनी पेरू म्हणतात. आंबटगोड लागतात. पण वाटाड्याला त्यांचा राग. हे झाड बाहेरून आणलेले. ते दाट माजते आणि बेटावरच्या मूळच्या झाडांना जागाच ठेवत नाही. आपल्याकडे घाणेरी माजते ना, तसे. विषारी साप मात्र तिथे नाहीत. हे कळल्यावर माझे पाऊल जरा बिनधास्त पडू लागले.

आणि मग दरी उघडली.

खाली नदी पायरीपायरीने उतरत होती. या नदीचे नाव तामारिन. फ्रेंच भाषेत तामारिन म्हणजे चिंच. चिंचेची नदीच म्हणा! ती एका कड्यावरून पडते, डोहात थांबते, पुन्हा पडते. असे सात वेळा. सातही मिळून नदी सुमारे तीनशे मीटर, म्हणजे जवळजवळ हजार फूट खाली येते. दूर दरीच्या तोंडाशी पश्चिमेचा समुद्र निळा दिसत होता. धबधबा आणि समुद्र एकाच नजरेत, असे मी आधी कधी पाहिले नव्हते. या नदीवर धरण बांधले आहे आणि त्या पाण्यावर वीज तयार होते.

मी कड्याच्या दगडाला हात लावला. काळा, कठीण, छिद्रे पडलेला. आपल्या सह्याद्रीचाच कातळ जणू. आणि गंमत अशी, की तो खरोखरच आपला सोयरा आहे. जमिनीच्या पोटात खोल एक चूल आहे असे समजा. चूल जागच्या जागी, पण वरची जमीन फार सावकाश सरकते. चुलीवरून तवा सरकवत न्यावा तशी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपला देश त्या चुलीवर होता. तेव्हा तापलेला रस वर आला, थरावर थर साचले आणि त्यांचा दख्खनचा कातळ झाला. आपली जमीन उत्तरेला सरकली. चूल पेटलेलीच होती. पुढे तिच्यावर लक्षद्वीप-मालदीवच्या तळाचे डोंगर झाले आणि ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस झाले. आज ती चूल शेजारच्या रेयुनियों बेटाखाली आहे. तिथला ज्वालामुखी अजून रस ओकतो. शास्त्रज्ञांनी दगड तपासून हे शोधले आहे. आजोबांना हे सांगितले तेव्हा ते कातळावर हात ठेवून बराच वेळ बसले.

उतरण कठीण होती. मुळ्या धरून, कुठे दोर धरून उतरायचे. शेवाळावर पाय टिकेना. दोनदा मी बसलोच! खेड्यातला माणूस म्हणवणारा मी, आणि त्या फ्रेंच बाई हात देऊन मला उठवत होत्या.

तिसऱ्या धबधब्याच्या डोहाशी आम्ही शिदोरी सोडली. शिदोरीत डालपुरी. पिवळ्या वाटाण्याची डाळ शिजवून वाटायची, पुरीत भरायची, तव्यावर लाटी फिरवायची. पुरणपोळीच, पण गुळावाचून. वर चटणी. खाताना आजोबा आपल्या वडिलांची गोष्ट सांगू लागले.

त्यांचे वडील मळ्यात कामाला. १९४८ साली तिथे निवडणूक होती. त्याआधी पैसेवाल्यांनाच मत असे. त्या वेळी नवा नियम झाला. बेटावरच्या कोणत्याही एका भाषेत ज्याला साधे लिहिता-वाचता येईल त्याला मत. मग गावोगाव रात्री वर्ग भरू लागले. बासदेव बिसुनदयाल नावाच्या पुढाऱ्याने त्यासाठी फार खटपट केली. "माझे वडील दिवसभर ऊस तोडीत," आजोबा म्हणाले, "रात्री कंदिलापुढे पाटीवर आपले नाव काढीत. बोटे इतकी राठ, की पेन्सिल मोडत असे." त्या निवडणुकीत मजुरांच्या घराण्यांतले लोक मोठ्या संख्येने निवडून आले. पुढे १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला.

गोष्ट रंगात आली होती. ऊन स्वच्छ होते. एवढ्यात वाटाड्या उठला.

आल्याबरोबर त्याने पाण्याच्या काठाशी एक पांढरा दगड ठेवला होता. आमच्यापैकी कोणाचे तिकडे लक्ष नव्हते. त्याचे होते. दगड आता पाण्यात होता. बोटभर पाणी वाढले होते. पाण्यावर वाळकी पाने आणि काटक्या येत होत्या, आणि मघाचे काचेसारखे पाणी चहासारखे दिसू लागले होते.

"ऊठ! ऊठ! वर चला!" तो ओरडला. हे मला भाषांतराशिवाय कळले.

आमच्या डोक्यावर ढग नव्हता. पण वर पठारावर पाऊस लागला होता. पाऊस तिकडे पडतो आणि पूर इकडे येतो. डोंगराच्या ओढ्याचे हे असेच.

तेवढ्यात लक्षात आले, की तिघे पलीकडच्या काठावर आहेत. माझा पुतण्या, एक शिक्षिका आणि आजोबांचा नातू फोटो काढायला दगडांवरून उड्या मारत गेले होते. वाटाड्याने दोर फेकला. पाणी घोट्याच्या वर आले होते. आधी शिक्षिका आल्या. मग पुतण्या आला, पण मधल्या दगडावर त्याचा पाय सरकला आणि तो दोराला लोंबकळला. दोघांनी ओढून घेतला. एवढ्यात पाणी गुडघ्याला लागले आणि मधले दगड दिसेनासे झाले.

नातू दोराकडे हात करत होता. वाटाड्याने दोर ओढून घेतला.

एक क्षण कोणाला काही समजेना. फ्रेंच गृहस्थ चिडून बोलू लागले. आजोबा पुढे झाले, त्यांचे हात थरथरत होते. ते वाटाड्याला म्हणाले, "पोराला आण! अजून येता येईल."

वाटाड्या म्हणाला, "नाही. गुडघाभर पाणी जोरात असलं की माणसाला उभं राहू देत नाही. तो पडला तर खाली चौथा धबधबा आहे. पलीकडे उंच कातळ आहे. तिथं तो कोरडा राहील. पाऊस थांबला की पाणी उतरेल."

"आणि नाही उतरलं तर?"

"तर रात्रभर तो तिथं बसेल आणि मी इथं बसेन."

आजोबांनी नातवाकडे पाहिले. पोरगा रडवेला झाला होता. मग आजोबांनी दोन्ही हात तोंडाशी धरून मोठ्याने हाक दिली. क्रिओलमध्ये नाही, मराठीत. "वर जा! तिथेच बस! हलू नकोस!" पाण्याच्या आवाजात त्याला शब्द कळले की नाही कोण जाणे. पण तो वर चढला आणि कातळावर पाय पोटाशी घेऊन बसला.

थोड्याच वेळात पाणी असे आले की आम्ही जेवलो ती जागाच नाहीशी झाली. तांबडे पाणी, त्यात आख्खी झाडे. कातळ हादरत होता. आम्ही उंचावर सरकून बसलो. कोणी बोलत नव्हते. फ्रेंच गृहस्थांनी आपला डगला काढून आजोबांच्या अंगावर घातला.

दोन तास गेले. मग जसे आले तसे पाणी उतरू लागले. तरी वाटाड्याने घाई केली नाही. मधले तीन दगड उघडे पडले, पाणी पुन्हा तळ दिसेल इतके निवळले, तेव्हा तो स्वतः दोर कमरेला बांधून पलीकडे गेला आणि पोराला घेऊन आला. आजोबांनी त्याला जवळ घेतले नाही की रागावले नाहीत. उरलेली डालपुरी त्याच्या हातात दिली. "खा," म्हणाले.

त्या दिवशी पुढचे चार धबधबे आम्ही पाहिलेच नाहीत. वर आल्यावर वाटाड्या म्हणाला, अर्धे पैसे परत देतो. कोणी घेतले नाहीत.

उजेड होता म्हणून गाडीने आम्ही दक्षिणेच्या किनाऱ्यावर गेलो. सुयाक गावाजवळ ग्री ग्री नावाची जागा आहे. मॉरिशसच्या भोवती बहुतेक ठिकाणी पोवळ्यांची भिंत आहे. समुद्रातले बारीक जीव ती पिढ्यान् पिढ्या बांधत आले आहेत. लाटा त्या भिंतीवर फुटतात, म्हणून काठाचे पाणी तळ्यासारखे शांत असते. ग्री ग्रीला मात्र ती भिंत नाही. लाट सरळ काळ्या कड्यावर येऊन आदळते. समोर सरळ दक्षिणेला अंटार्क्टिकाच्या बर्फापर्यंत पाणीच पाणी. जवळच एक खडक आहे, त्याला रडणारा खडक म्हणतात. लाट त्याच्यावर चढते आणि पाणी ओघळत राहते.

तिथे पोहणे धोक्याचे आहे, अशी पाटी होती. नातवाने ती आजोबांना वाचून दाखवली. आजोबा म्हणाले, "मला येते वाचता." तेव्हा कुठे तो पोरगा दिवसभरात पहिल्यांदा हसला.

वाटाड्या आमच्या मागे उभा राहून लाटा मोजत होता. किती लाटांनंतर मोठी येते ते बघत असावा. मग त्याने बोटाने जमिनीवर एक रेघ दाखवली, आणि आम्ही सगळे न विचारता तिच्या मागे सरकलो.

गटात बोलण्यासाठी: वाटाड्याने पांढरा दगड कशासाठी ठेवला होता? त्याने दोर मागे घेतला ते तुम्हांला पटले का? तुमच्या गावच्या ओढ्याला पूर येण्याआधी कोणत्या खुणा दिसतात? जुन्या माणसांना विचारा आणि चार ओळी लिहून आणा.