घरभर वाय-फाय: भांडुपकरांनी काय करावे, काय टाळावे

काय करावे

- आधी राउटरजवळ उभे राहून वेग मोजा. तिथेच कमी भरला तर दोष बहुधा लाइनचा आहे, कंपनीकडे तक्रार करा आणि खरेदी थांबवा.
- मोबाइल घेऊन स्वयंपाकघर, गॅलरी, माळा सगळीकडे फिरा आणि सिग्नलचा आकडा लिहून ठेवा: उणे ६० डीबीएम चांगला, उणे ८० नावापुरता.
- राउटर घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर ठेवा. बऱ्याच घरांचे काम एवढ्यानेच भागते.
- टॉवरमध्ये फायबर दारामागच्या कपाटात येऊन थांबत असेल, तर फायबरचा बॉक्स तिथेच राहू द्या. राउटर वायर ओढून हॉलमध्ये आणा.
- वायर ओढता येत असेल तर वायरच ओढा आणि लांबच्या खोलीत ॲक्सेस पॉइंट (वायरीवरून नेट घेऊन वाय-फाय देणारा बॉक्स) लावा. याहून खात्रीचा उपाय नाही.
- टेंभीपाडा, खिंडीपाड्याच्या चढावर माळ्यावर माळा चढवलेल्या घरांत प्रत्येक माळ्याला वेगळा ॲक्सेस पॉइंट द्या. स्लॅबही सिग्नल अडवतो आणि पत्राही.
- कॅट ६ वायर शुद्ध तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त पडते, पण लवकर दगा देते.
- बाहेरच्या भिंतीला भोक बाहेरच्या बाजूला उतरते पाडा, वायरीला आत शिरण्याआधी खाली झोळ द्या आणि भोक सीलंटने बुजवा. भांडुपच्या पावसात पाणी वायरीवरूनच घरात येते.
- जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरताना त्यातले डीएचसीपी बंद करा, त्याला मुख्य राउटरपेक्षा वेगळा आयपी पत्ता द्या आणि वायर लॅन पोर्टमध्येच लावा.
- मुख्य राउटर आणि ॲक्सेस पॉइंट दोन्हींना वाय-फायचे नाव आणि पासवर्ड एकच द्या, चॅनेल मात्र वेगळे.
- २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ हेच चॅनेल घ्या आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. चाळीत भिंतीला भिंत लागून दहा राउटर चालू असतात.
- राउटरच्याच खोलीतल्या टीव्ही आणि लॅपटॉपला ५ गिगाहर्ट्झ द्या, भिंतीपलीकडच्यांना २.४.
- वायर शक्यच नसेल तर मेश (एकमेकांशी बिनतारी जोडलेल्या राउटरांचा संच) घ्या, तीन बँडचा असेल तर उत्तम.
- फायबरचा बॉक्स, राउटर, ॲक्सेस पॉइंट तिन्ही छोट्या यूपीएसवर घ्या. ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आधी जुळवून पाहा.
- सोसायटीच्या डक्टमधून वायर नेण्याआधी कमिटीची लेखी परवानगी घ्या.
- राउटरचा मूळ ॲडमिन पासवर्ड आजच बदला. सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा.

काय टाळावे

- राउटर लोखंडी कपाटावर, फ्रिजमागे, आरशाजवळ किंवा पाण्याच्या पिंपाशेजारी ठेवू नका.
- ओल आलेल्या भिंतीवर काहीही ठोकू नका.
- रिपीटर सिग्नल मेलेल्या कोपऱ्यात लावू नका. त्यालाच काही मिळाले नाही तर तो पुढे काय देणार? राउटर आणि त्या कोपऱ्याच्या मधोमध लावा.
- रिपीटरला रिपीटर जोडू नका. एका बँडच्या रिपीटरवर प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो.
- अँटेना मोजून राउटर घेऊ नका.
- १०० एमबीपीएसच्या वरच्या प्लॅनला गिगाबिट पोर्ट नसलेला राउटर किंवा ॲक्सेस पॉइंट घेऊ नका. जादा पैसे पोर्टातच अडकतात.
- एकसलग कॅट ६ वायर १०० मीटरच्या पुढे नेऊ नका.
- नेटची वायर आणि लाइटची वायर एकाच केसिंग पट्टीतून नेऊ नका.
- घरातली साधी वायर पत्र्यावर उघडी टाकू नका; उन्हाने आवरण तडकते.
- फायबर दारात चिमटू देऊ नका, काटकोनात वळवू नका. आत काच आहे.
- तुटलेल्या फायबरच्या टोकात डोकावून पाहू नका. लेसर दिसत नाही, डोळ्याला इजा करू शकतो. मुलांना तर जवळ फिरकूही देऊ नका.
- विजा कडाडत असताना छतावरून किंवा गल्लीपलीकडून आलेली तांब्याची वायर जोडलेली ठेवू नका.
- शेजाऱ्यांना मुख्य पासवर्ड देऊ नका. कनेक्शन तुमच्या नावावर आहे, चौकशीही तुमचीच होईल. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क ठेवा.
- राउटरमधले डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने जोडणी) चालू ठेवू नका.
- मोबाइल सिग्नलचा बूस्टर वाय-फायसाठी म्हणून घेऊ नका. त्याने वाय-फाय वाढत नाही आणि परवानगीशिवाय तो बसवणे बेकायदा आहे.